अण्णांसाठी मोठी चाकं

माझ्याकडे दोन माणसांची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी होती. स्पोर्ट्स कार म्हणतात ती. कोल्हापुरात तेव्हा अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्याही निम्म्या कुणाच्या तरी तबेल्यात धूळ खात पडलेल्या. माझीही तशीच मिळालेली. बैल जुंपून ती कसबा बावड्याच्या आमच्या घरी ओढत आणली, तेव्हा सीटखाली कोंबडीची अंडी निघाली. थोरल्या भावानं, अण्णांनी, त्यातलं एक हातात धरून विचारलं, "गाडी आणलीस का खुराडं?"

दोन वर्षं खपून मी ती चालती केली. त्या दोन वर्षांत अण्णांनी मला एका शब्दानं अडवलं नाही. कारखान्यातला लेथ वापरू दिला, मिस्त्री दिले, आणि गाडी पहिल्यांदा अंगणातून बाहेर पडली तेव्हा फाटकापाशी उभं राहून "आवाज बरा हाय" एवढंच म्हणाले. अण्णांकडून हे म्हणजे सुवर्णपदक होतं.

ते माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे. वडील मला आठवतसुद्धा नाहीत, मला अण्णांनीच वाढवलं. उद्यमनगरात त्यांचा ओतकामाचा कारखाना होता. इंजिनाचे भाग ओतायचे आणि कातून द्यायचे. साच्याची बारीक वाळू तीस वर्षं श्वासाबरोबर आत गेली आणि पन्नाशी ओलांडल्यावर ती छातीत ठाण मांडून बसली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर ते थांबायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघण्याचं सोंग करायचे. डॉक्टरांनी मला एकट्याला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "त्यांना जे करावंसं वाटतं ते करू द्या. पुढच्या उन्हाळ्याचं मी काही सांगत नाही."

आम्हा दोघांच्या मधली आमची बहीण, अक्का. ती नेसरीला दिलेली. अण्णांचं आणि तिचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. अक्काचे यजमान अचानक गेले त्या दिवशी कारखान्यात भट्टी पेटलेली होती. भट्टी पेटली की ओतकाम संपेपर्यंत मालकानं जागचं हलायचं नाही हा अण्णांचा नियम. निरोप आला तेव्हा लोखंड वितळायला लागलं होतं. अण्णा थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेसरीत पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. अक्कानं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "माझा माणूस गेला तवा तुला लोखंड म्हत्त्वाचं झालं. आता माझ्या दारात यायचं कारण न्हाय." अण्णा परत आले, आणि त्यानंतर घरात तिचं नाव निघालं की उठून अंगणात जायचे. दोघंही एकाच मातीची. मी मधल्या मध्ये दोन्हीकडे जात-येत होतो आणि दोन्हीकडे तोंड शिवून बसत होतो.

वैशाखातली गोष्ट. मी अंगणात गाडी पुसत होतो. अण्णा खुर्ची ओढून जवळ येऊन बसले. बराच वेळ दम सावरला आणि मग म्हणाले, "तुझ्या ह्या गाडीत किती माणसं बसत्यात?"

"दोन."

"तिसरं बसवायचं म्हटलं तर?"

"नाही बसत, अण्णा."

"मग ब्येस. नेसरीला जाऊया. तू आन मी. घरात बोलू नगो. हवा खायला चाललोय म्हन."

टॅक्सी करून जाता आलं असतं, पण टॅक्सीत वहिनी बसल्या असत्या, पुतण्या बसला असता, परका ड्रायव्हर असता. अण्णांना बहिणीच्या दारात उभं राहून जे बोलायचं होतं ते ऐकायला त्यांना कुणी नको होतं. मी मात्र त्यांना चालत होतो, कारण मी त्यांच्या हिशेबी अजून पोरच होतो. काय बोलायचं ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. "थितं गेल्यावर बोलीन की," म्हणाले.

आम्ही निघालो, आणि मुरगूडच्या पुढे फसलो. उसाच्या बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी रस्त्यात दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे वरंबा उभा राहिलेला. माझी गाडी जमिनीला पोट घासत जाणारी. वरंब्यातला एक दगड खालून तेलाच्या चेंबरला बसला आणि इंजिनाचं सगळं तेल रस्त्यावर गेलं. अण्णा तीन तास चिंचेखाली बसले. येणारी-जाणारी गाडी धुरळा उडवायची आणि ते टॉवेल तोंडाला लावून खोकायचे. शेवटी गुळाच्या ट्रकला दोर बांधून परतलो. घरी पोचल्यावर ते मला रागावतील असं वाटलं होतं. उलट हात धुता धुता म्हणाले, "पोट वर उचलाय पायजे. मोठी चाकं घाल, मग जाऊ."

इथून पुढची सगळी गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे.

पोट वर उचलायला मोठी चाकं हा साधा उपाय होता. गाडीची मूळ चाकं पंधरा इंची, टायर बारीक. मिस्त्रींनी आठवड्याच्या आत जीपची सोळा इंची चाकं आणली, मधली तबकडी बदलून आमच्या बोल्टांना जुळवली आणि चढवली. टायरही चांगले दणकट, खोल नक्षीचे. मडगार्डला जरा घासत होते, तेवढा पत्रा ठोकून वळवला असता तर काम झालं होतं. नेसरीला नव्हे, चंदगडच्या जंगलात जाऊन आली असती गाडी.

मी दूर उभा राहून बघितलं आणि माझं डोकं फिरलं. इतकी देखणी गाडी, आणि मळ्यात औत ओढायला निघाल्यासारखी दिसत होती. मी त्याच संध्याकाळी ती चाकं काढायला लावली.

"बसत्यात न्हवं?" अण्णांनी विचारलं. "मग झालं की."

"शोभत नाहीत, अण्णा. जरा थांबा, चांगली बघतो."

 त्यांना गप्प बसणं भाग होतं, कारण हा हट्ट मी त्यांच्याकडूनच उचलला होता. एवढंसं छिद्र राहिलं म्हणून अख्खा ओतीव भाग भंगारात टाकणारा माणूस तो. धाकट्या भावानं तोच काटेकोरपणा दाखवल्यावर त्यांना आतून बरंही वाटलं असेल. मला तसं वाटायचं म्हणून मी जास्तच चेकाळलो.

मुरगूडच्या एका वकिलांच्या गोठ्यात जुन्या मोठ्या गाडीची तारांची चाकं पडून आहेत असं कळलं. सोळा इंची, नाजूक, सायकलीसारखी तारांची, मधे एकच मोठा नट. बघताक्षणी मी त्यांच्यावर भाळलो. पण ती चढवायची तर चाक ज्यावर बसतं ते हब बदलायला हवेत. ते कारखान्यातच ओतले आणि कातले. तारा गंजलेल्या, त्या बदलायच्या. एक रिम वाकडी, ती सरळ करायची. मग टायर. मिस्त्री म्हणाले, "जीपचं टायर ह्यास्नी बसतंय की." बसत होतं. पण मला ती खेडवळ नक्षी नको होती, साध्या बारीक रेघांचे, रस्त्यावर पळणारे टायर हवे होते. बाहेरून माल येणं तेव्हा जवळजवळ बंदच. मुंबईच्या एका ओळखीच्याला पत्रं घालून दोन मिळवले. उरलेल्या दोहोंसाठी पावसाळाभर वाट बघितली.

त्या महिन्यांत अण्णांना चाकांचा नाद लागला, हे मी नाकारणार नाही. एक दिवस मी जुन्या आणि नव्या टायरवर खडूची खूण केली आणि अंगणात दोन्ही चाकं एकेक फेरी फिरवून टेपनं अंतर मोजलं. टेपचं टोक अण्णांनी धरलं होतं. जुनं चाक एका फेरीत पावणेसात फूट जात होतं, नवं साडेसातच्या जवळ. मी त्यांना समजावलं की स्पीडोमीटरचा काटा फक्त चाकाच्या फेऱ्या ओळखतो, त्यामुळे तो चाळीस दाखवील तेव्हा आपण चव्वेचाळीसनं जात असू.

"म्हंजे गाडी पळतीया त्यापरास कमी दावणार?"

"हो."

"वहिनीला तसंच सांग," म्हणाले आणि हसले. हसताना दम लागला, तरी हसत राहिले. मग वाकून त्यांनी गाडीच्या पोटाखाली बोटं घातली. नव्या चाकांनी गाडी जेमतेम सव्वा इंच वर येणार होती. "एवढं उचललं की वरंबा चुकतोय का?" त्यांनी विचारलं. मी चुकतोय म्हटलं. ते दोन बोटं तशीच धरून बघत राहिले.

श्रावणात त्यांनी दोनदा विचारलं. भाद्रपदात एकदा विचारलं, तेही मी जवळ नसताना मिस्त्रींना. मिस्त्रींनी मला सांगितलं तेव्हा मला राग आला. घाई करून चालत नाही, एवढं त्यांना कळू नये का, असं मी बोललो. मिस्त्री आपल्या कामाला लागले. आता तो राग आठवला की अंगावर काटा येतो. त्या माणसाचं एकेक पाऊल कमी होत होतं. अंगणातल्या नळापर्यंत जायचे ते आता व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत जाऊ लागले होते. मला ते दिसत होतं, आणि तरी मी तारांना चंदेरी रंगाचे दोन हात द्यावेत की तीन, याचा विचार करत होतो.

शेवटचे दोन टायर नवरात्रात आले. अष्टमीला चाकं तयार झाली. गाडी कारखान्याच्या छपरीत लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, शेजारी भिंतीला टेकून ती चार चाकं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, हातोड्या, छिन्न्या, कानशी, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. एकदा पूजेत बसलं की दसऱ्याला उचलेपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. अख्खं उद्यमनगर त्या दिवशी गप्प असतं. अण्णांनी तीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. एकदा एका नव्या कामगारानं चुकून पूजेतला पाना उचलला, तर त्याला त्यांनी परत आंघोळ करायला लावली होती.

त्या सकाळी अण्णा पूजेला आले. पांढरं धोतर, कोट, टोपी. पूजा झाली, पेढे वाटले, आणि ते गाडीपाशी येऊन उभे राहिले. चेहरा नेहमीपेक्षा उजळ होता.

"आज दम बरा हाय," मला म्हणाले. "घाल चाकं. जाऊया."

चारच नट होते. त्यांना तांब्याच्या हातोडीचे पाच-सहा ठोके दिले की चाक पक्कं. अर्ध्या तासाचं काम. ती हातोडी पाटावर मधोमध होती, डोक्यावर झेंडूचं फूल घेऊन.

मी म्हणालो, "अण्णा, हत्यारं पूजेत आहेत."

त्यांनी पाटाकडे बघितलं. मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. ते म्हणाले, "एक हातुडी उचलली तर काय हुतंय? देवी काय खाती व्हय?"

 मिस्त्री आणि सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. एका क्षणात माझ्या लक्षात यायला हवं होतं, की हा माणूस स्वतःचा नियम मोडायला तयार झालाय म्हणजे त्याला आज काय कळलंय. भट्टीपाशी थांबून जी चूक त्यांनी केली होती ती त्यांना पुन्हा करायची नव्हती. ते मला तसं तोंडानं सांगणार नव्हते. मी ओळखायचं होतं.

मी म्हणालो, "असं कसं, अण्णा? तुम्हीच घालून दिलेली शिस्त. उद्या दसरा, उद्या सकाळी पहिलं काम हेच करू."

माझा पूजेवर काडीचा विश्वास नव्हता. मी देवळाबाहेर चपला सांभाळायला उभा राहणारा माणूस. खरं कारण लिहायला आज लाज वाटते. अष्टमीला दिलेला रंगाचा तिसरा हात अजून ओलसर होता. त्यावर हातोडी चालवली असती, रस्त्याचा धुरळा बसला असता, तर ती चाकं खराब झाली असती. मला एक दिवस हवा होता, आणि तो मी देवीच्या नावावर मागून घेतला. हातोडी नको तर दगडानं नट ठोकता आले असते. आणि जीपची चाकं तर पावसाळ्याआधीपासून तिथेच कोपऱ्यात पडलेली होती.

अण्णांनी मान हलवली. "बरोबर हाय तुझं," म्हणाले. मिस्त्रींनीही माझ्याकडे कौतुकानं बघितलं, थोरल्यांची शिस्त धाकटा राखतोय म्हणून. अण्णा खुर्चीवर जाऊन बसले आणि पुढ्यातला पेढा तसाच हातात धरून राहिले.

त्या संध्याकाळी त्यांना ताप भरला. दसऱ्याला सकाळी डॉक्टर आले आणि उठवायचं नाही म्हणाले. घरात ऑक्सिजनची नळकांडी आली. मी दुपारी कारखान्यात गेलो, हातोडी उचलली आणि चाकं चढवली. का चढवली ते मला सांगता येणार नाही. हातांना काहीतरी करायला हवं होतं. गाडी ठोकळ्यांवरून खाली आली आणि मी मनात कल्पिली होती तशी, तंतोतंत तशी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी नेसरीला निघालो. मुरगूडच्या पुढचा वरंबा गाडीनं वरून हात फिरवल्यासारखा अलगद ओलांडला. गाडी सुरेख चालत होती. हेही सांगून टाकतो, की मधे एका सरळ रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर कुणी नाही, अशा वेळी मला आनंद झाला. भाऊ घरी श्वासासाठी धडपडत होता आणि मला चाकांचा आनंद झाला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे नजर गेली तेव्हा मी गाडी कडेला लावून रडलो.

अक्का दारात आली. अकरा वर्षांत मी तिला अण्णांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या आजारपणाचं तेवढं सांगितलं. तिनं चूल विझवली, शेजारणीला किल्ली दिली आणि येऊन गाडीत बसली. वाटेत एकदाच म्हणाली, "जोरात चालीव की."

आम्ही पोचलो तेव्हा अण्णा शुद्धीवर होते. अक्का पलंगावर बसली, त्यांचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. अण्णांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करायला दुसरा हात उचलला. ओठ हलले. एक शब्द पुरा होईल एवढासुद्धा वारा त्या छातीत नव्हता. पुन्हा हलले. अक्का म्हणाली, "बोलू नगो. पडून ऱ्हा." त्यांनी मान जोरजोरात हलवली, नाही नाही अशी. वहिनींना वाटलं त्यांचा जीव घुसमटतोय, म्हणून त्यांनी मास्क परत नीट बसवला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. तू सांग, असं ते बघणं होतं. पण त्यांना काय सांगायचं होतं ते त्यांनी मला कुठे सांगितलं होतं? आणि जेवढं माहीत होतं तेवढंही मी सगळ्यांच्या देखत बोललो नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी अक्काला नेसरीला सोडायला निघालो, त्याच गाडीनं. कागल मागे पडलं तेव्हा तिनं विचारलं, "त्यानं बोलीवलं हुतं मला, का तू आपणहून आलतास?"

मी गियर बदलला. खरं सांगायचं तर सगळंच सांगायला हवं होतं. वैशाखातली ती चिंच, पावसाळाभर मी निवडत बसलेली चाकं, खंडेनवमीला धोतर-कोट घालून तयार उभे राहिलेले अण्णा. ती लगेच विचारणार, की मग आला का न्हाय? आणि मला उत्तर द्यावं लागणार.

"मी आपणहून आलो," मी म्हणालो.

तिनं मान डोलवली. "वाटलंच मला," म्हणाली. "त्याच्या मनात असतं तर रांगत आला असता."

वारा फार होता. तिनं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि नेसरी येईपर्यंत उसाकडे बघत बसली. मी आत्ता सांगतो, पुढच्या वळणावर सांगतो, करत गाडी चालवत राहिलो.

गाडी मी पुढच्याच वर्षी विकली. अक्का त्यानंतर नऊ वर्षं जगली. आता तिला भाऊ म्हणून मी एकटाच होतो, तेव्हा दर भाऊबिजेला नेसरीला जात होतो. ती पाट मांडायची, ओवाळायची, आणि दर भाऊबिजेला मी ते तिला सांगितलं नाही.